भागधारकाने उघडावयाचे पान

कंपनीचा भाग घेणे म्हणजे तिला पैसे उसने देणे नव्हे. तिच्या मालकीत वाटेकरी होणे होय. हा भेद आपल्या घरांतून अद्याप पुरता रुजलेला नाही, असे आम्हांस वाटते. हैदराबादेतील मराठी मंडळींची शिल्लक पिढ्यान्‌पिढ्या टपाल कचेरीत, मुदत ठेवीत अथवा सोन्यात गेली. या शहरात १९४३ पासून २००७ पर्यंत स्वतःचा शेअर बाजार होता. त्याची पायरी चढणारे आपल्यांत थोडेच. पुढे ‘सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस’चा बोलबाला झाला. १९८७ साली येथेच स्थापन झालेली, तरुणांना नोकऱ्या देणारी, २००१ साली न्यूयॉर्कच्या बाजारात पोहोचलेली ही कंपनी. ‘आपल्या गावची’ म्हणून तिचे भाग विश्वासाने घेतले जावेत, हे स्वाभाविकच होते.

७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी पत्राने कबुली दिली. ताळेबंदात दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या एका दिवसात भागाची किंमत सुमारे १७९ रुपयांवरून ४० रुपयांच्या खाली आली. उत्तम कारभाराबद्दलचे ‘गोल्डन पीकॉक’ पारितोषिक मिळून तेव्हा चार महिनेही झाले नव्हते!

घरबसल्या भागधारकास हे आधी कळले असते काय? शिल्लक खोटी आहे, हे कळणे अशक्य होते. ताळेबंदावर लेखापरीक्षकांची सही होती. परंतु भागधारणेचा तक्ता उघडाच होता. प्रवर्तकांचा हिस्सा २००१ साली सुमारे २५ टक्के होता, तो २००८ साली ९ टक्क्यांच्या आत आला. हिस्सा कमी असणे हा स्वतः दोष नव्हे. लार्सन अँड टुब्रो किंवा आयटीसी या कंपन्यांना तर प्रवर्तकच नाहीत. तथापि भरभराटीचे आकडे दर तिमाहीस येत असता कर्त्या पुरुषाचाच वाटा का आटत जातो, हा प्रश्न दुकानातील भागीदारीत आपण कधीच विचारला असता.

याहून मोठी गोष्ट पडद्याआड होती. प्रवर्तकांचे भाग कर्जापोटी तारण ठेवलेले होते, हे डिसेंबर २००८ च्या अखेरीस उघड झाले. सावकाराकडे गहाण टाकलेल्या दागिन्यांचे मोल घसरले की तो अधिक तारण मागतो, न मिळाल्यास दागिने विकून टाकतो. येथेही धनकोंनी भाग विकले, विक्रीने भाव आणखी पडला.

आणि या प्रकरणाला तोंड फोडले ते भागधारकांनीच, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. १६ डिसेंबर २००८ रोजी संचालक मंडळाने राजू कुटुंबाच्या ‘मेटास’ नावाच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घेण्याचे ठरविले. (‘सत्यम’ची इंग्रजी अक्षरे उलटी वाचली की ‘मेटास’!) भागधारकांना न विचारता त्यांचा पैसा घरच्या कंपन्यांत घालण्यावर इतका गहजब झाला की काही तासांतच बेत मागे घ्यावा लागला. खोट्या शिलकेच्या जागी खरी मालमत्ता आणण्याचा तो अखेरचा प्रयत्न होता, असे राजूंनीच पुढे पत्रात लिहिले.

सरकारने नवे संचालक मंडळ नेमले; एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राने दर भागास ५८ रुपये देऊन कंपनीचा ताबा मिळविला. अमेरिकेतील भागधारकांना सामुदायिक दाव्यातून १२.५ कोटी डॉलरची भरपाई ठरली. येथल्या भागधारकांना तसा कायदाच नव्हता. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४५ ने तो मार्ग दिला, आणि तेही कलम २०१६ मध्ये लागू झाले. तारण ठेवलेल्या भागांची माहिती जाहीर करण्याचे बंधन मात्र ‘सेबी’ने जानेवारी २००९ मध्येच घातले. आता दर तिमाहीच्या भागधारणेच्या तक्त्यात प्रवर्तकांच्या नावापुढे तारणाचा रकाना असतो. नफ्याआधी तो पाहावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

कोणाच्या कपाटात सत्यमची जुनी कागदी प्रमाणपत्रे पडली असतील, तर ती रद्दीत घालू नयेत. २०१३ च्या विलीनीकरणात दर १७ भागांमागे टेक महिंद्राचे २ भाग देण्यात आले. सात वर्षे लागोपाठ लाभांश न उचललेले भाग सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. तेथून ते मूळ धारकास किंवा वारसास अर्ज करून परत मिळविता येतात.