समुद्रात उतरताना (६) : गुडघाभर पाण्यातली मुशी

मागच्या लेखात मास्क चेहऱ्यावर कसा बसवायचा आणि नळीतून संथ श्वास कसा घ्यायचा ते पाहिलं. तो लेख वाचून मालवणहून माझ्या मावशीचा फोन आला. लेक आणि जावई तिला फेब्रुवारीत मालदीवला नेणार आहेत, आणि स्नॉर्केलिंग करायचंच असा नातीचा हट्ट आहे. "श्वासाचं सगळं कळलं रे," ती म्हणाली, "पण तिथे मुशी असतात ना?"

मावशीने उभ्या आयुष्यात मुशी, म्हणजे शार्क, पुष्कळ पाहिल्या आहेत, पण टोपलीत. आमच्याकडे मोरीची, म्हणजे मुशीचीच, आमटी हा पाहुण्यांसाठीचा बेत असतो. त्याच माशासमोर, त्याच्याच पाण्यात पालथं तरंगायचं म्हणजे वेगळी गोष्ट. पाय टेकत नाहीत, मागचं दिसत नाही, कान पाण्यात आणि स्वतःचा श्वास भात्यासारखा ऐकू येतो. अशा अवस्थेत मन सावध होणारच. १९७५ च्या 'जॉज' सिनेमाने त्या सावधपणाला एक चेहरा दिला. मूळ कादंबरी लिहिणारे पीटर बेंचली पुढे शार्कच्या रक्षणासाठी कळकळीने बोलत राहिले, पण पडद्यावरचं चित्र लोकांच्या मनातून गेलं नाही. म्हणून मावशीची भीती मला हसण्यावारी न्यायची नव्हती. मी तिला सांगितलं, हो, असतात. आणि त्या कोणत्या, हे कळलं की पोटातला गोळा बराच विरघळतो.

बेटाच्या जेटीवर उभं राहिलं की खाली गुडघाभर पाण्यात हातभर लांबीच्या, परांची टोकं काळी असलेल्या मुशी फिरताना दिसतात. ही काळ्या टोकांची रीफ शार्क. पूर्ण वाढ झाली तरी साधारण दीड मीटरची. तिची पिल्लं उथळ लगूनमध्ये राहतात, कारण मोठे शिकारी मासे तिथे सहज येऊ शकत नाहीत. आपण जिथे पाय भिजवत उभे असतो ते त्यांचं पाळणाघर असतं. आपली चाहूल लागली की ती वळून पळतात. उथळ पाण्यातून चालणाऱ्या माणसाच्या घोट्याला या जातीची मुशी चावल्याच्या घटना क्वचित घडल्या आहेत. हलणारा पाय तिला मासा वाटला, एवढंच कारण. म्हणून तिथे पाय आपटत चालण्यापेक्षा तरंगत जावं. पांढऱ्या टोकांची मुशी दिवसा कपारीत विसावलेली असते. नर्स शार्क वाळूवर पडून राहते आणि रात्री खडकांच्या फटींतले मासे-खेकडे ओढून खाते. दक्षिण आरी अटोलजवळ दिसणारा व्हेल शार्क जगातला सर्वांत मोठा मासा, आणि तो प्लवक गाळून खातो.

रीफच्या, म्हणजे प्रवाळखडकाच्या, बाहेरच्या कडेला, प्रवाहाच्या तोंडाशी राखाडी रीफ शार्क असते, तिचा मान ठेवावा लागतो. तिला कोंडल्यासारखं वाटलं तर ती पाठीला बाक देते, छातीकडचे पर खाली वळवते आणि अंग जास्तच हेलकावत पोहते. तिच्या भाषेत हे 'मागे हो' आहे. तसं दिसलं की तिच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरायचं, बस्स.

आणखी एक गोष्ट मी मावशीला दोनदा सांगितली. मास्कच्या काचेतून पाण्यातली वस्तू एक तृतीयांश मोठी आणि एक चतुर्थांश जवळ दिसते. म्हणजे सव्वा मीटरची मुशी डोळ्यांना दीड मीटरहून मोठी वाटते. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो त्यात काचेचा आणि पाण्याचाही हात असतो.

मुशीला आपण कसे कळतो? रक्ताच्या एका थेंबाचा वास तिला मैलभरावरून येतो ही समजूत खोटी आहे. वास पाण्याबरोबर वाहत तिच्यापर्यंत पोचावा लागतो. अंगाच्या दोन्ही बाजूंच्या संवेदनरेषेने तिला पाण्यातली थरथर कळते. नाकाडावर बारीक छिद्रं असतात. स्टेफानो लोरेन्झिनी या इटालियन अभ्यासकाने १६७८ मध्ये त्यांचं वर्णन केलं. त्यांच्यामुळे वाळूत दडलेल्या माशाच्या स्नायूंची सूक्ष्म वीजही तिला जाणवते. एवढी तल्लख इंद्रियं असणाऱ्या प्राण्याला आपण मासा नाही हे स्वच्छ पाण्यात बहुतेक वेळा लांबूनच कळतं.

फ्लोरिडातील नैसर्गिक इतिहास संग्रहालय जगभरच्या शार्कच्या चाव्यांची नोंद ठेवतं. माणसाने डिवचलं नसताना झालेले चावे २०२३ मध्ये जगभरात ६९ होते, त्यात १० जण दगावले. २०२४ मध्ये ४७, त्यात ४. यातले बरेचसे सर्फिंग करणारे किंवा पोहणारे होते. शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत आणि जिवावर बेतणारे चावे मुख्यतः तिघींचे: पांढरी, टायगर आणि बुल.

पण आकडा लहान आहे म्हणून डोळे मिटायचे नाहीत. २०१० च्या अखेरीस इजिप्तमध्ये शर्म अल् शेखच्या किनाऱ्यावर काही दिवसांत अनेकांना चावे झाले आणि एक महिला दगावली. तपासात माशांना खाऊ घालण्याची सवय आणि समुद्रात टाकलेली जनावरांची मढी यांचा संबंध जोडला गेला. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पाण्यात एका तरुणाचा पाय बुल शार्कने चावला. खाडीचं गढूळ पाणी आणि गोड्या पाण्यातही शिरू शकणारी जात असं ते ठिकाण होतं. या दोन घटनांतूनच खबरदारी कळते: गढूळ पाण्यात, नदीच्या मुखाशी, मासे साफ करतात तिथे, पहाटे किंवा तिन्हीसांजेला उतरू नये, शार्कना खाऊ घालण्याचे खेळ चालतात तिथे तर मुळीच नाही.

मावशीची काळजी मला वाटते ती दुसऱ्याच गोष्टीने. हवाईत पर्यटक बुडून मरण पावतात त्यात स्नॉर्केलिंग करणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे. त्यातले कित्येक हातपाय न मारता, ओरडा न करता, शांतपणे गेले. तिथल्या अभ्यासकांनी मांडलेलं एक कारण समजून घेण्यासारखं आहे. नळीतून हवा ओढताना अडथळा येतो, छातीत ओढ वाढते, आणि काहींच्या फुप्फुसांत त्या ओढीने पाणी उतरू लागतं. हे पाणी समुद्राचं नसतं, शरीरातलंच असतं. पहिली खूण म्हणजे अचानक धाप लागणं आणि हातापायांतलं बळ जाणं. अशा वेळी नळी तोंडातून काढायची, उताणं व्हायचं आणि हात वर करून बोलवायचं. मुशी दिसल्यावर घाबरून जोरात पाय मारणारा माणूस नेमका याच धापेकडे जातो. मावशीला रक्तदाब आहे, साठी उलटली आहे. तिने आधी डॉक्टरांना विचारावं, नळी साधी आणि रुंद घ्यावी, आणि एकटीने उतरू नये, यासाठी मी हट्ट धरला. दुसरा धोका प्रवाहाचा, त्यावर पुढचा लेख आहे. तिसरा टायटन ट्रिगरफिश, जो घरट्याजवळ खरोखर अंगावर येतो. त्याची हद्द घरट्यापासून वर रुंदावत जाते, म्हणून वर न येता आडवं सटकायचं.

मालदीवने २०१० मध्ये आपल्या साऱ्या पाण्यात शार्कची मासेमारी बंद केली. जगभरात १९७० नंतरच्या पन्नास वर्षांत खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकट यांची संख्या ७१ टक्क्यांनी घटली, असं २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं. काळ्या टोकांची मुशी एका वेळी दोन ते चार पिल्लं देते. जाळ्याचा वेग तिला गाठता येत नाही. हे ऐकून मावशी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लहानपणी बाजारात पुरुषभर मुशी यायची. आता टोपलीत वीतभर पिल्लंच असतात."

फोन ठेवताना तिने विचारलं, उतरायचं किती वाजता? ऊन चांगलं वर आल्यावर, नऊ-दहाला, मी म्हटलं. सध्या ती रोज सकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर कमरेभर पाण्यात, शेजारीण सोबतीला घेऊन, तोंड बुडवून नळीतून श्वास मोजते आहे. पहिल्या दिवशी बारा झाले होते. काल चाळीस.