सुईआधी काचपट्टी

भाद्रपद-आश्विनात गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसांची तक्रार बहुधा सारखीच असते. ताप, हुडहुडी, डोके ठणकते, अंग मोडून आले आहे, तोंडाला चव नाही. या एका तक्रारीमागे किमान पाच वेगवेगळे आजार असू शकतात: हिवताप, डेंग्यू, स्क्रब टायफस, लेप्टोस्पायरोसिस आणि टायफाइड. पहिला एकपेशीय परजीवीमुळे होतो, दुसरा विषाणूमुळे, आणि उरलेले तीन एकमेकांशी फारसे नाते नसलेल्या जिवाणूंमुळे. एकाचे औषध दुसऱ्याला चालेलच असे नाही. बाकावरून उठून आत गेल्यावर मात्र पुष्कळदा सगळ्यांच्या वाट्याला एकच उपचार येतो: एक सुई, एक सलाईनची बाटली आणि पुडीत बांधलेल्या दोन-तीन रंगांच्या गोळ्या. माझे म्हणणे असे, की या जिल्ह्यात तापाने दगावणाऱ्या माणसाला बऱ्याचदा औषध नसल्यामुळे नव्हे, तर ताप कोणता हे कोणी वेळेवर न विचारल्यामुळे जीव गमवावा लागतो. आणि हे विचारायला लागणारी साधने महाग नाहीत.

इथे इतके ताप एकाच मोसमात का भेटतात, याचे उत्तर जमिनीवर आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा म्हणजे धान, तलाव आणि जंगल. रोवणीच्या दिवसांत बाया दिवसभर बांधीतल्या चिखलपाण्यात वाकून उभ्या असतात; त्याच पाण्यात उंदरांचे आणि गुराढोरांचे मूत्र मिसळलेले असते आणि पायांना चिरा पडलेल्या असतात. लेप्टोस्पायरा शरीरात शिरायला तेवढी चीर पुरते. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडच्या डोंगरपायथ्याशी संथ वाहणाऱ्या ओढ्यांत ॲनॉफिलिस फ्लुव्हिआटिलिस वाढतो, खेड्यापाड्यांभोवती ॲनॉफिलिस क्युलिसिफेसिस. दोन्ही हिवतापाचे वाहक. घरातल्या टाक्या-रांजणांत एडिस वाढतो, तो डेंग्यूचा. पाऊस ओसरू लागला की धुऱ्यावरच्या गवतात आणि झुडपांत गोचिडवर्गीय बारीक किड्यांच्या अळ्या चढून बसतात, त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. हलका धान कापणीला येतो आणि माणसे याच गवतातून विळा घेऊन जातात, तो नेमका दिवाळीच्या आसपासचा काळ. रुग्ण कुठे राहतो, गेल्या पंधरवड्यात काय काम करत होता, एवढे दोन प्रश्न विचारले तरी पाचांतले दोन आजार मागे सरतात आणि दोन पुढे येतात.

सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत जास्त टाळली जाणारी तपासणी हिवतापाची. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला टोचून काचपट्टीच्या एका बाजूला रक्ताचे थेंब गोल पसरवायचे, हा जाड थर. शेजारी एक थेंब दुसऱ्या काचेच्या कडेने ओढून जिभेच्या आकाराचा पातळ थर करायचा. जाड थरातल्या लाल पेशी पाण्यात विरघळून जातात आणि परजीवी तेवढे उरतात, म्हणून थोडे असले तरी सापडतात. पातळ थरात पेशी शाबूत राहतात, म्हणून जात ओळखता येते. जसवंतसिंग आणि भट्टाचारजी या भारतीय संशोधकांच्या नावाचा स्वस्त रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली निदान शंभर दृश्यक्षेत्रे पाहिल्याशिवाय ‘परजीवी नाही’ असे लिहायचे नसते. फॅल्सिपेरम असेल तर लाल पेशीत नाजूक कड्या दिसतात, कधी एकाच पेशीत दोन; पुढे चंद्रकोरीच्या आकाराची लैंगिक रूपे दिसतात. व्हायव्हॅक्सने ग्रासलेली पेशी फुगून मोठी झालेली असते. जिथे सूक्ष्मदर्शक नाही तिथे आशाताईच्या पिशवीतला जलद चाचणीचा संच पंधरा-वीस मिनिटांत दोन्ही जातींचे उत्तर देतो. सरकारी व्यवस्थेत ही तपासणी फुकट आहे.

जात ओळखणे ही प्रयोगशाळेची हौस नाही. फॅल्सिपेरमने ग्रासलेल्या पेशी मेंदूतल्या, मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटतात, त्यामुळे दोन-तीन दिवसांत रुग्ण बेशुद्धीत जाऊ शकतो; त्याला आर्टेमिसिनिनवर आधारलेले संयुक्त औषध लागते, एकट्या क्लोरोक्विनचा भरवसा राहिलेला नाही. व्हायव्हॅक्सला क्लोरोक्विन पुरते, पण त्याची काही रूपे यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. तिसऱ्या दिवशी ताप गेला की ती गोळी घरातल्या फळीवर पडून राहते, आणि ‘मलेरिया पुन्हा उलटला’ अशी तक्रार पुढच्या मोसमात येते. हेच प्रायमाक्विन गरोदर बाईला, तान्ह्या बाळाला द्यायचे नसते, आणि रक्तात जीसिक्सपीडी हे वितंचक कमी असणाऱ्याला दिले तर लाल पेशी फुटतात. पूर्व विदर्भात सिकलसेलही आहे. सिकलसेलचा वाहक असणे गंभीर फॅल्सिपेरमपासून काहीसे वाचवते हे खरे, पण ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याची प्लीहा निकामी झालेली असते. अशा मुलाचा साधा वाटणारा तापही तातडीचा मानावा लागतो, कारण न्यूमोकॉकससारखे जिवाणू त्याच्या रक्तात काही तासांत पसरतात. म्हणजे रोगाबरोबर रोगीही ओळखावा लागतो.

आता स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि पूर्व विदर्भात रुग्ण दगावू लागले तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांत आले. रोग काही त्या वर्षी जन्मला नव्हता. याची सगळ्यांत मोलाची खूण डोळ्यांनी दिसते. अळी चावते तिथे दुखत नाही, खाजत नाही. काही दिवसांनी बिडीचा चटका बसल्यासारखी काळी, कोरडी खपली धरते, भोवती लालसर कडा. ती असते काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेला लुगड्याची गाठ बसते तिथे, कानामागे. गर्दीच्या ओपीडीत अंगावरचे कपडे न काढता तपासलेल्या बाईची खपली कोणालाच दिसत नाही, आणि स्वतः ती सांगत नाही, कारण तिला ती दुखतच नाही. प्रत्येक रुग्णात खपली सापडते असेही नाही; म्हणून ती नसली तरी पाच दिवसांवर गेलेला ताप, डोकेदुखी, थोडी वाढलेली यकृताची विकरे आणि उतरलेल्या प्लेटलेट्स पाहून संशय घ्यावा लागतो. औषध आहे डॉक्सिसायक्लिन, शंभर मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, साधारण सात दिवस. गरोदर बाईला ॲझिथ्रोमायसिन. दोन्ही स्वस्त. बहुतेकांचा ताप ४८ तासांत उतरतो, आणि न उतरल्यास आपला अंदाज तपासून पाहावा. फुप्फुसावर किंवा मेंदूवर गेलेल्या गंभीर रुग्णांत ही दोन्ही औषधे शिरेतून एकत्र दिल्यास एकट्यापेक्षा जास्त उपयोग होतो, हे २०२३ मध्ये भारतातल्याच अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीत दिसले.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो फार्मसीच्या काउंटरवरूनच नव्हे, शिकलेल्या डॉक्टरांकडूनही येतो: एवढे शोधत बसण्यापेक्षा एक जोरदार प्रतिजैविक दिले की सगळे झाकले जाते. झाकले जात नाही. सेफ्ट्रियाक्सोन हे आज खेड्यातही सर्रास टोचले जाणारे औषध टायफाइडवर चालते, लेप्टोवरही चालते. पण हिवतापाच्या परजीवीला आणि डेंग्यूच्या विषाणूला त्याचे काही देणेघेणे नाही, आणि पेशीच्या आत राहणाऱ्या स्क्रबच्या जिवाणूवर पेनिसिलिन-सेफ्ट्रियाक्सोनच्या कुळाचा काही उपयोग होत नाही. पाचातले तीन उघडे राहिले, आणि त्यातला एक तीन दिवसांत मेंदूवर जाणारा. शिवाय प्रत्येक अनावश्यक सुईबरोबर आतड्यातले जिवाणू तिला तोंड द्यायला शिकतात. मोठ्या भारतीय रुग्णालयांतून येणाऱ्या ई. कोलायच्या नमुन्यांत बहुसंख्य आज या गटाला जुमानत नाहीत. टायफाइडचा जिवाणू सिप्रोफ्लॉक्सॅसिनला तर केव्हाच दाद देईनासा झाला आहे. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणातच अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन घेणाऱ्यांमुळे जिवाणू औषधाला सरावतील, असे बजावले होते. सुईचा परिणाम ‘लगेच’ का वाटतो, याचे उत्तर बरेचदा वेगळेच असते: बरोबर स्टेरॉइड किंवा डायक्लोफिनॅक टोचलेले असते, त्याने ताप उतरतो, आजार नाही. डेंग्यूत अशा वेदनाशामकाने रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच तर खरा जोखमीचा काळ सुरू होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसात रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, पोट दुखते, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. सगळे घर मात्र प्लेटलेटचा आकडा आणि पपईच्या पानांचा रस यांत गुंतलेले असते. त्या दिवसांत हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचे प्रमाण) आणि लघवीचे प्रमाण पाहणे अधिक कामाचे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चाचण्याही चुकतात, मग त्यांचे एवढे कौतुक कशाला? चुकतात, हे कबूल. विडाल चाचणीच घ्या. १८९६ पासून ती वापरात आहे आणि आज गावोगावच्या प्रयोगशाळांतून ‘टायफाइड निघाला’ हे वाक्य बहुतांशी तिच्याच जोरावर बोलले जाते. ती मोजते रक्तातली प्रतिपिंडे, जिवाणू नव्हे. ज्या भागात पूर्वी कधीतरी टायफाइड होऊन गेलेला असतो तिथे ती प्रतिपिंडे निरोगी माणसातही असतात, आणि दुसऱ्या तापातही वाढू शकतात. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन चौपट वाढ दिसली तर तिला अर्थ. एका नमुन्यावर ती जवळजवळ काहीच सांगत नाही. खरी तपासणी रक्तसंवर्धनाची, पहिल्या आठवड्यात आणि पहिली सुई टोचण्याआधी घेतलेल्या रक्ताची. तीही साधारण दहांपैकी चार रुग्ण चुकवते. डेंग्यूची एनएस-वन चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, नंतर आयजीएम. हिवतापाच्या जलद चाचणीतली फॅल्सिपेरमची रेघ बरे झाल्यावरही काही आठवडे उमटत राहते. स्क्रबची जुनी वाइल-फेलिक्स चाचणी तर प्रोटियस या भलत्याच जिवाणूशी जुळणाऱ्या प्रतिपिंडांवर चालते. आयजीएम एलायझा तिच्यापेक्षा भरवशाची. यातून निघते ते इतकेच, की तापाचा दिवस विचारून मगच चाचणी निवडावी. तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेली विडाल वाया गेलेला पैसा आहे, त्याच दिवशीची हिवतापाची काचपट्टी नाही.

मग ज्या गावात प्रयोगशाळा नाही, अहवाल यायला तीन दिवस लागतात आणि रोवणीच्या हंगामात एक दिवस बुडाला तर मजुरी बुडते, तिथल्या माणसाने काय करावे? हा प्रश्न विचारणारा खोटे बोलत नाही. मजूर बाई सुई मागते ती उद्या बांधीत उभे राहता यावे म्हणून. पण प्रयोगशाळा नसणे म्हणजे ओळख नसणे, हे समीकरण शेजारच्या गडचिरोलीने तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच मोडून काढले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या गावांत साध्या कार्यकर्त्यांना आणि दाईंना मुलांचा श्वास मोजायला शिकवले: दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक, की निमोनिया समजून को-ट्रायमॉक्साझोल सुरू. ना एक्स-रे, ना संवर्धन. १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी निघाले. तोही अंदाजच होता, पण मोजलेल्या खुणेवर उभा. स्क्रबचा संशय आला तर एलायझाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन द्यावे हा सल्ला त्याच जातीचा आहे. लेप्टोलाही तेच औषध चालते हा वरचा फायदा, मात्र आधी हिवतापाची चाचणी झालेली हवी, कारण त्यावर एकटे डॉक्सिसायक्लिन पुरे पडत नाही. माझा विरोध अंदाजाला नाही. कशावरून अंदाज केला हे सांगता न येणाऱ्या उपचाराला आहे.

प्रयोगशाळा जवळ आल्या आहेत, हेही लक्षात घ्यायला हवे. गोंदियात २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि अशा महाविद्यालयाला सूक्ष्मजीवशास्त्र विभाग असतोच. पूर्वी ज्या नमुन्यासाठी नागपूर गाठावे लागे तो आता जिल्ह्यातच तपासता येतो. क्षयाच्या बाबतीत तर गोव्यात तयार झालेल्या ट्रूनॅट यंत्राने थुंकीतल्या जिवाणूचे आणि रिफॅम्पिसिनला तो दाद देतो की नाही याचे उत्तर तासा-दोन तासांवर आणले. अर्थात थुंकी तपासायला पाठवली तर. दोन आठवड्यांचा खोकला असलेल्या माणसाला लिव्होफ्लॉक्सॅसिन दिले की तो थोडा बरा होतो आणि निदान महिनाभर लांबते.

यंत्रापेक्षा मोठी अडचण कागदाची आहे. देवरीच्या दवाखान्यात दोन दिवस सुया घेतलेला माणूस तिसऱ्या दिवशी गोंदियाला आणि पाचव्या दिवशी नागपूरला पोचतो तेव्हा त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर ‘ताप’ एवढेच असते. कोणते औषध टोचले, किती, कधी, हिवतापाची काचपट्टी काढली होती का, याचा पत्ता नाही. प्रतिजैविक आधीच गेलेले असल्यामुळे रक्तसंवर्धनात काही उगवत नाही, आर्टेमिसिनिनची एखादी मात्रा पडली असेल तर काचपट्टीवर परजीवी सापडत नाही, आणि नागपूरच्या डॉक्टरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. रुग्ण पुढे पाठवताना औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि झालेल्या चाचणीचा निकाल असे चार शब्द लिहायला ना यंत्र लागते ना अनुदान, आणि वेळ लागतो तो एक सुई भरायला लागतो त्याहून कमी.