बरगड्या मोडल्या तर : शस्त्रक्रिया कोणाला आणि पुढे काय



गळीत हंगामात ट्रॉलीवरून पडणे, गाडी कलंडणे, बैलाने ढुशी देणे, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून घसरणे, हे प्रकार आपल्याकडे होतच असतात. हात-पाय मोडला तर माणूस लगेच दवाखाना गाठतो. छातीला मार बसला की मात्र "मुका मार आहे, हळद लावा, धडपा घट्ट आवळा आणि पडून राहा," असा सल्ला मिळतो. यातली हळद निरुपद्रवी. आवळणे आणि पडून राहणे या दोन गोष्टी मात्र जिवावर बेतू शकतात. ते कसे, आणि हल्ली मोडलेल्या बरगड्यांवर जी शस्त्रक्रिया करतात ती कोणासाठी असते, हे या अंकात सांगण्याचे आम्ही योजले आहे.

आपल्या लोकांना लोअर परळ काही परके नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा कितीतरी घरांतला एखादा भाऊ, एखादा चुलता तिथे साच्यावर होता आणि चाळीत गावाची खोली होती. आता गिरण्यांच्या जागी काचेच्या उंच इमारती आल्या. तरी मोठे दुखणे निघाले की पाहुण्यांकडे उतरायचे आणि परळचे के.ई.एम. रुग्णालय गाठायचे, ही वहिवाट अजून आहे. लोअर परळनंतर दादरच्या बाजूचे पुढचेच स्टेशन म्हणजे तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड, आताचे प्रभादेवी. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, पाऊस पडत असताना तिथल्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे गेली. जखमींना के.ई.एम.मध्येच नेले होते. अशा गर्दीत माणूस बहुतेक वेळा मरतो तो छाती दाबली जाऊन. नाक-तोंड मोकळे असते, पण छाती फुगायला जागाच उरत नाही.

हे लक्षात घेतले की पुढचे सारे समजते. छाती म्हणजे लोहाराचा भाता. बरगड्यांच्या बारा जोड्या हा त्याचा सांगाडा. भाता उघडला तरच वारा आत येतो. गर्दी तो बाहेरून दाबून धरते. मोडलेली बरगडी तेच काम वेदनेने करते. दुखते म्हणून माणूस अर्धाच श्वास घेतो, खोकला दाबतो. कफ आत साचतो आणि दोन-चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. वर धडपा आवळला म्हणजे उरलासुरला भाताही बंद! म्हाताऱ्या माणसाला हे फार बाधते. अमेरिकेत २००० साली पासष्टीच्या पुढच्या रुग्णांची पाहणी झाली. तीत एकेक जादा बरगडी मोडलेली असली की न्यूमोनियाचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी आणि मृत्यूचा १९ टक्क्यांनी वाढलेला आढळला.

तेव्हा पहिल्याच दिवशी तपासणी करावी. साध्या फोटोत निम्म्याच्या आसपास मोडलेल्या बरगड्या दिसतच नाहीत, म्हणून मार जबर असेल तर डॉक्टर सी.टी. स्कॅन सांगतात. ते उगाच खर्चात घालतात असे समजू नये. डाव्या खालच्या बरगड्यांमागे पाणथरी असते, उजव्या बाजूस यकृत. तिथे रक्तस्राव झाला तर वरून काही कळत नाही. छातीत हवा किंवा रक्त साठले असेल तर नळी घालून तिचे टोक बाटलीतल्या पाण्याखाली ठेवतात. बाटलीत बुडबुडे दिसले म्हणून घाबरू नये, पण बाटली छातीच्या वर कधी उचलू नये.

आता शस्त्रक्रियेचे. एक-दोन बरगड्या मोडल्या तर ती लागत नाही. वेदना कमी ठेवली आणि श्वास नीट घेतला तर हाड आपोआप जुळते. सलग तीन किंवा जास्त बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या, तर छातीचा तो तुकडा सुटा होतो आणि श्वास आत घेताना बाहेर येण्याऐवजी आत खचतो. अशा वेळी, किंवा हाडांची टोके फार सरकली असतील, औषधाने वेदना आटोक्यात येत नसेल, श्वासाचे यंत्र सुटत नसेल, तर डॉक्टर शस्त्रक्रियेचा विचार करतात. पूर्ण भूल देऊन कुशीवर निजवतात, स्नायू शक्य तो न कापता बाजूला सारतात, बरगडीची टोके जुळवून तिच्या वळणाची टायटॅनियमची पट्टी स्क्रूने बसवतात. प्रत्येक बरगडीला पट्टी लागत नाही. अगदी वरच्या आणि शेवटच्या तरंगत्या बरगड्या बहुधा सोडून देतात. पट्टी सहसा कायमची राहते.

उपयोग किती? जपानमध्ये २००२ साली छाती सुटी झालेल्या ३७ रुग्णांवर तुलना झाली. शस्त्रक्रिया केलेल्यांना श्वासयंत्र सरासरी सुमारे ११ दिवस लागले, न केलेल्यांना १८. पण कॅनडा-अमेरिकेतल्या २०७ रुग्णांच्या २०२२ मधल्या अभ्यासात सरसकट सर्वांना असा फायदा दिसला नाही. दिसला तो मुख्यतः आधीच श्वासयंत्रावर असलेल्यांना. म्हणून "पट्टी टाकाच" हा हट्ट नको आणि "कापाकापी नको" हाही नको. मात्र करायचीच असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत केलेली बरी, असे तज्ज्ञ मानतात. आठवडाभर हाडवैद्याकडे घालवला की ही संधी जाते.

शस्त्रक्रिया झाली तरी श्वास रोग्यालाच घ्यायचा असतो. वेदनेचे औषध वेळेवर घ्यावे, "सोसतो मी" म्हणून टाळू नये; वेदना थांबली तरच खोकता येते. जमेल तितक्या लवकर, बहुधा दुसऱ्या दिवशीच, उठून बसावे, धरून चालावे. तीन गोळ्यांचे श्वासाचे यंत्र मिळते, ते जागेपणी दर तासाला दहा वेळा ओढावे. खोकताना उशी छातीशी कवटाळावी. विडी-तंबाखू बंद, इथे आम्ही सवलत देऊ शकत नाही. हाड जुळायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात. तोवर मोळी, खताचे पोते, ट्रॅक्टरवरचे धक्के नकोत. हंगाम चालू आहे म्हणून घरच्यांनी घाई करू नये. दुखणे काहींना त्यानंतरही काही महिने राहते.

घरी आल्यावर ताप, वाढता दम, पिवळा किंवा रक्ताचा कफ, जखमेतून पू यांपैकी काहीही दिसले तर तारखेची वाट न पाहता परत जावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते हे भरती होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे, रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्यावे. मुंबईला नेणार असाल तर गावच्या दवाखान्याचे फोटो आणि कागद एका पिशवीत घालून रोग्याबरोबरच द्यावेत. मागाहून येणाऱ्या पाहुण्याजवळ ठेवू नयेत.