‘गेर्मानी’ या नावाविषयीचे गैरसमज

रोमन लेखक ज्यांना ‘गेर्मानी’ म्हणत, ते सगळे लोक स्वतःलाही त्याच नावाने ओळखत, हा पहिला गैरसमज. प्रत्यक्षात ते सुएबी, खेरुस्की, खत्ती अशी आपापल्या टोळ्यांची नावे सांगत. इ.स. 98 च्या सुमारास लिहिलेल्या ‘गेर्मानिया’ या ग्रंथात रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो, की हे नाव अलीकडचे आहे. ऱ्हाईन नदी ओलांडून गॉलमध्ये (साधारण आजच्या फ्रान्स-बेल्जियममध्ये) शिरलेल्या आणि पुढे तुंग्री म्हणवल्या गेलेल्या लोकांचे ते नाव नंतर सर्वांना लागू झाले. बेल्जियममधल्या टोंगेरेन शहराच्या नावात हे तुंग्री आजही टिकून आहेत. त्याआधी ज्युलियस सीझरनेही ऱ्हाईनच्या गॉलकडच्या बाजूच्या एबुरोनेस वगैरे टोळ्यांना गेर्मानी म्हटले आहे.

‘भालाधारी पुरुष’ हा अर्थ फार लोकप्रिय आहे. जुन्या जर्मनमध्ये ‘गेर’ म्हणजे भाला आणि ‘मान’ म्हणजे माणूस, त्यामुळे तो पटकन पटतो; पण टिकत नाही. सीझरच्या काळी भाल्याच्या त्या शब्दात ‘र’ नव्हताच. त्याचे रूप ‘गाइझ’सारखे होते आणि ‘र’ काही शतकांनी आला. शिवाय ‘माणूस’वाचक शब्द जिथे खरोखर आहे, त्या ‘मार्कोमान्नी’ या नावात सीझर दोन ‘न’ लिहितो. ‘गेर्मानी’त एकच ‘न’ आहे आणि त्याआधीचा ‘आ’ दीर्घ आहे. हा पुरावा निर्णायक मानायला हवा.

लॅटिनमध्ये ‘गेर्मानुस’ म्हणजे सख्खा, अस्सल. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने त्यावरूनच नावाचा उलगडा केला: हे लोक म्हणजे ‘अस्सल गॉल’. मात्र ही दोन शब्दांच्या सारखेपणावर बेतलेली कल्पना आहे. अनेक अभ्यासकांचा कल केल्टिक उगमाकडे आहे. ‘शेजारी’ किंवा ‘आरोळी ठोकणारे’ असे अर्थ सुचवले गेले आहेत, पण एकमत झालेले नाही. उगम परका असला तरी विभक्ती पूर्ण लॅटिन आहे: एकवचन गेर्मानुस, अनेकवचन गेर्मानी, षष्ठीचे अनेकवचन गेर्मानोरुम, प्रदेशवाचक गेर्मानिया.

संस्कृत ‘शर्मन्’वरून ‘जर्मन’ आला, असेही आपल्याकडे सांगितले जाते. सीझरच्या लॅटिनमध्ये या शब्दाचा आरंभ कठोर ‘ग’ने होई, ‘ज’ हा उच्चार कित्येक शतकांनंतरचा. त्यामुळे ज्या ध्वनिसाम्यावर ही व्युत्पत्ती उभी आहे, ते मूळ शब्दात नाहीच.

जर्मन लोक स्वतःसाठी वापरतात तो ‘डॉइच’ हा शब्द वेगळ्याच मुळाचा आहे. ‘लोक’ या अर्थाच्या जर्मानिक शब्दापासून तो बनला. त्याचे ‘थेओदिस्कुस’ हे लॅटिन रूप इ.स. 786 मध्ये प्रथम आढळते, तेही लॅटिनहून निराळ्या लोकभाषेसाठी.