बायांनो, धनुष्य हाती घेऊन तर पाहा!

आज बोलू या धनुर्विद्येबद्दल. आमच्या गटाने अमरावतीत एका बंद हॉलमध्ये अर्धा दिवस धनुष्य चालवून पाहिलं. निघताना आमच्यातली एक म्हणाली, "हे आपल्यानं होते का माय?" होते. कसं, ते सांगतो.

आधी डोळा तपासतात. दोन्ही हात समोर ताणून तळव्यांच्या मधे छोटा त्रिकोण करायचा आणि त्यातून दूरची एखादी वस्तू पाहायची. मग आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. जो डोळा उघडा असताना वस्तू जागेवर दिसते, तो आपला मुख्य डोळा. उजवा असेल तर धनुष्य डाव्या हातात आणि दोरी उजव्या हाताने ओढायची.

नवख्या बाईला हलकं धनुष्य देतात. अठरा पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढायला साधारण आठ किलोचा जोर लागतो, म्हणजे अर्धी भरलेली बादली उचलण्याइतका. हाताच्या आतल्या बाजूला पट्टा बांधतात, नाहीतर सुटलेली दोरी कोपराखाली सटकन लागते आणि काळंनिळं होते. पदर किंवा ओढणी घट्ट खोचायची, केस बांधायचे, बांगड्या आणि गळ्यातलं काढून ठेवायचं. दोरीत काहीही अडकू शकते.

आता उभं राहणं. निशाणाकडे तोंड करून नाही, बाजूने उभं राहायचं. पाय खांद्याइतके फाकवायचे. दोरी तीन बोटांनी धरायची. एक बोट बाणाच्या वर, दोन खाली. अंगठा दोरीला लागतच नाही! एकलव्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण आजच्या स्पर्धेतल्या या पद्धतीत अंगठ्याचं काम नाही, हे ऐकून आम्ही सगळ्या बोटांकडेच पाहत राहिलो.

दोरी हनुवटीखाली आणायची आणि दर वेळी त्याच जागी टेकवायची. जागा बदलली की बाणही बदलतो. जोर मनगटाचा नाही, पाठीचा. विहिरीतून बादली ओढताना पाठ कशी लागते, तशीच. आणि सोडताना दोरीला झटका द्यायचा नाही, फक्त बोटं सैल करायची. बाण पोचेपर्यंत धनुष्याचा हात खाली आणायचा नाही. आमचे पहिले बाण सगळे खाली गेले, कारण लागला की नाही ते पाहायच्या घाईत हात आधीच खाली येत होता.

हॉलमधलं स्पर्धेचं अंतर 18 मीटर असते आणि निशाणाचा कागद 40 सेंटिमीटरचा. नवख्यांना मात्र बरंच जवळून मारायला देतात. मधला पिवळा भाग नऊ-दहा गुणांचा, मग लाल, निळा, काळा आणि कडेला पांढरा. ऑलिम्पिकमध्ये हेच अंतर 70 मीटर होते.

नियम मात्र कडक. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एक झाली की बाण सोडायचा, तीन झाल्या की बाण आणायला जायचं. शिट्ट्या वाजतच राहिल्या तर लगेच थांबायचं. धनुष्य कुणाकडेही रोखायचं नाही, बाण नसला तरी. बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही, त्याने धनुष्य तुटते. बाण उपटताना मागे कुणी उभं राहायचं नाही. खांदा दुखत असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता हे आपल्याला कशाला? एक म्हणजे पोरींसाठी. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिकला आपले देशी खेळ दाखवायला गेलं होतं. त्याच बर्लिनमध्ये 2023 साली साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी धनुर्विद्येत जगज्जेती झाली. ती शिकली उसाच्या शेतात उभ्या केलेल्या मैदानावर. टोकियो ऑलिम्पिकला गेलेला प्रवीण जाधव शेतमजुराचा मुलगा. तोही साताऱ्याकडचाच, पण धनुर्विद्या शिकला आपल्या अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत.

परदेशी धनुष्य महाग असते, हे खरं. पण सुरुवात बांबूच्या धनुष्यावरही होते आणि त्याच्या वेगळ्या स्पर्धाही भरतात. ठरावीक स्पर्धांमध्ये प्रावीण्य मिळवणाऱ्या खेळाडूंना राज्य सरकारच्या नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते, म्हणून प्रत्येक कागद जपून ठेवा. अमरावती असो की अकोला, चौकशी करायची ती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात. एकटीने जायला संकोच वाटला तर गटाने जा.

दुसरं कारण आपलं स्वतःचं. बाण लावला की निंदण, गॅस, कर्जाचा हप्ता, सासूबाईंचं औषध, सगळं घटकाभर बाजूला पडते. समोर फक्त एक पिवळा ठिपका. परतताना ती "होते का माय" म्हणणारीच बसमध्ये विचारत होती, "पुढच्या खेपेला पोरीले घेऊन येऊ का?"

आम्ही म्हटलं, आण. पण तूही ये.