एका स्वस्त पर्सची परीक्षा

शाळेच्या वार्षिकांकात पर्ससारख्या क्षुल्लक वस्तूवर लेख कशाला, असे कोणी विचारील. परंतु सकाळी पाळी सुरू होण्याच्या वेळी उद्यमबागेकडे जाणाऱ्या रस्त्यावर क्षणभर उभे राहावे. कारखान्याची वाट धरणाऱ्या किती तरी भगिनींच्या खांद्यावरून आडवा पट्टा गेलेला असतो आणि कमरेशी एक लहानशी पर्स असते. तिच्यात घरची किल्ली, थोडी मोड आणि मोबाइल. यांतील काही आपल्या विद्यार्थ्यांच्या माताच आहेत.

स्त्रियांच्या वस्त्रांना खिसा क्वचितच लाभला. नऊवारीत पैसे कनवटीला लागत आणि औषधे आजीच्या बटव्यात राहत. पानाची चंची तर कप्प्यांचीच. पानाला, सुपारीला, तंबाखूला निरनिराळी जागा. निपाणीसारख्या तंबाखूच्या गावाकडील वाचकांना ती निराळी सांगावयास नको. 'खिसा' हा शब्द फारसी 'कीसा' म्हणजे थैली यावरून आला. आमच्या कोकणीत खिशाला 'बोल्स' म्हणतात. तो पोर्तुगीजांकडून आलेला आणि इंग्रजी 'पर्स'चा दूरचा भाऊबंद. म्हणजे थैली, खिसा व पर्स ही मंडळी मुळात एकाच घरची. आता चंचीच्या कप्प्यात सुपारीऐवजी मोबाइल आला, इतकेच.

मात्र हा बदल साधा नव्हे. भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्यामध्ये झाले. त्या काळी ती श्रीमंतांची चैन होती. २०१६ साली यूपीआय आले आणि मोबाइल हीच पैशाची पिशवी झाली. आज तो हरवला, तर कष्टाचे पैसे, गावातल्या नातलगांचे क्रमांक आणि मुलांच्या शाळेचे निरोप एकदमच अडतात. म्हणून त्या कप्प्याची शिवण कशी आहे, हा प्रश्न मला पर्सच्या रंगापेक्षा मोठा वाटतो.

मी जूनच्या आरंभी बाजारातून १८० रुपयांस एक पर्स घेतली आणि दसऱ्यापर्यंत ती रोज वापरली. निवडताना कृत्रिम चामड्याच्या झगमगीत पर्सा बाजूला ठेवल्या. त्यांतील पुष्कळशा कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर देऊन केलेल्या असतात. हवेतील ओलाव्याने तो थर हळूहळू विघटित होतो व त्याचे पापुद्रे निघतात. आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात तर विचारूच नये. मी नायलॉनच्या जाड कापडाची पर्स पसंत केली. नंतर दुकानातच मोबाइल कव्हरासह कप्प्यात घालून पाहिला. हल्लीचा मोबाइल सुमारे सोळा-सतरा सेंटिमीटर लांब असतो. कप्पा त्याहून दोन बोटे खोल नसेल, तर वर राहिलेले टोक वाकताना बाहेर सरकते. कप्पा अंगाच्या बाजूस आहे की बाहेरच्या, हेही पाहावे. बाहेरच्या कप्प्यातील वस्तू गर्दीच्या बसमध्ये दुसऱ्याच्या हाताला जितकी जवळ, तितकीच आपल्या नजरेला दूर असते.

किल्ल्या आणि मोबाइल एका कप्प्यात कधीही ठेवू नयेत. त्यात किल्लीचा दोष थोडा. पितळ काचेपेक्षा मऊ असते. काचेवर खरे ओरखडे पाडतात ते वाळूचे कण, कारण वाळूतील क्वार्ट्झ काचेहून कठीण असते. फौंड्रीत साचे करण्यासाठी जी वाळू वापरतात, तीही याच जातीची. जेथे कपड्यांबरोबर ती बारीक वाळू घरापर्यंत येते, तेथे दर आठवड्यास पर्स उलटी करून झाडणे, हाच उपाय.

चेनची गोष्ट विशेष मनोरंजक आहे. व्हिटकम जडसन या अमेरिकन गृहस्थाने १८९३ साली आकड्यांच्या बंदाचे पेटंट घेतले, पण तो बंद भलत्या वेळी उघडे. पुढे स्वीडनमध्ये जन्मलेल्या गिडियन सुंडबॅक या अभियंत्याने दातांची रचना सुधारली. त्याचे पेटंट १९१७ चे. चेनवर सरकणाऱ्या रनरच्या आत दोन वाटा एकत्र मिळून एक होते. त्यामुळे रनर पुढे जाताना दोन्ही बाजूंचे दात ठरावीक कोनात वळून एकमेकांत अडकतात आणि मागे येताना त्यांच्यामधील पाचर त्यांना पुन्हा विलग करते. पुष्कळदा दात शाबूत असतात, रनरचे जबडे तेवढे झिजून सैल पडलेले असतात. अशा वेळी पर्स टाकून देऊ नये. पक्कडीने रनरच्या दोन्ही कडा अगदी हलक्या हाताने दाबाव्यात. चेन पुन्हा बसते. जड चालत असेल, तर दातांवर मेणबत्ती फिरवावी. माझ्या पर्सची चेन श्रावणात अशीच सुटली होती व अशीच दुरुस्त झाली.

झाकणाला लोहचुंबकाची कळ असेल, तर बँकेचे कार्ड तिच्यापासून दूर ठेवावे. कार्डाच्या पाठीवरील काळ्या चुंबकीय पट्टीवरची नोंद चुंबकाने बिघडू शकते; पुढच्या बाजूच्या सोनेरी चिपला मात्र त्याची बाधा होत नाही.

सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे पट्टा पर्सला जेथे जोडलेला असतो ती. मोबाइलचे वजन २०० ग्रॅमच्या आसपास, सर्व साहित्य धरून अर्धा किलोसुद्धा नव्हे. परंतु आपण बसमधून खाली उडी टाकतो, तेव्हा एक हिसका बसून त्याच जागी त्याच्या किती तरी पट ताण येतो. म्हणून तेथे टाक्यांचा चौकोन व त्यात फुली असावी. माझ्या पर्सला एकच आडवी शिवण होती. तिच्यात दोन किलो तांदूळ घालून ती रात्रभर खुंटीस टांगली. सकाळी एका टोकाचे चार टाके उसवलेले दिसले. पर्स चर्मकार बंधूंकडे नेली. त्यांनी मेण लावलेल्या दोऱ्याने तो चौकोन शिवला आणि वीस रुपये सांगितले. दुसरे टोक अद्याप धड होते, तरी त्यांनी तेही न सांगताच तसे शिवून टाकले. त्याचे पैसे मात्र घेतले नाहीत.