गाभण जनावराला औषध देण्याआधी हे वाचा



लोहा-कंधार म्हणजे लाल कंधारीचं माहेर. पावसाळा तोंडावर आला की आपण अख्ख्या गोठ्याला एकाच दिवशी जंताचं औषध पाजतो. पण त्यात एखादी गाय महिनाभराची गाभण असेल तर?

पोटात गेलेलं बरंचसं औषध लिव्हरमध्ये येतं. तिथले एन्झाइम त्याचं रूप बदलतात, मग ते शेण-लघवीवाटे बाहेर पडतं. गाभणपणात हार्मोन बदलतात. त्यामुळे काही एन्झाइमचं काम वाढतं, काहींचं मंदावतं. अंगातलं रक्तही वाढतं. म्हणून नेहमीचाच डोस एखाद्या औषधाचा कमी पडतो, तर दुसऱ्याचा अंगात जास्त वेळ राहतो. विताना चारा कमी जातो, अंगावरची चरबी लिव्हरमध्ये साठते, अन् लिव्हर आणखी थकतं. कोणत्या औषधाचं काय होईल हे आपल्याला ओळखू येत नाही. म्हणून डोस मनाने वाढवू नका, कमीही करू नका.

*हे लक्षात ठेवा*

१) *अल्बेंडाझोल:* गाय-म्हैस भरवल्यापासून पहिले ४५ दिवस, शेळी-मेंढीला पहिला महिना देऊ नका. लिव्हरमध्ये त्याचं जे रूप तयार होतं तेच जंत मारतं, अन् तेच कोवळ्या गर्भाला बाधतं. गर्भ गेला की गाय परत माजावर येते. आपण म्हणतो, रेतन लागलंच नाही. फेनबेन्डाझोलसारखी गाभणपणात चालणारी औषधं आहेत, डॉक्टरांना विचारा.

२) *डेक्सामेथासोन:* शेवटच्या तीन महिन्यांत या इंजेक्शनाने जनावर गाभडू शकतं किंवा दिवस भरण्याआधी विऊ शकतं, वार अडकते.

३) *माजावर आणायचं प्रोस्टाग्लँडिन इंजेक्शन:* गाभण तपासणी केल्याशिवाय नको. गाभ पडतो.

४) उरलेली बाटली, शेजाऱ्याने सांगितलेलं औषध गाभण जनावराला नकोच.

*आजच करा:* प्रत्येक जनावराची रेतनाची तारीख गोठ्यातल्या कॅलेंडरवर लिहा, फोटो मोबाईलमध्ये ठेवा. डॉक्टर आले की त्यांनी विचारायच्या आधी तीन गोष्टी सांगा: किती दिवसांची गाभण, अंदाजे वजन, आधी दिलेलं औषध.

जनावर आजारी असेल तर गाभण आहे म्हणून उपचार लांबवू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा किंवा १९६२ वर फोन लावा.

ज्यांच्याकडे गाभण जनावर आहे त्यांना हा मेसेज पाठवा.